रस, भाव आणि नटाचे शरीर : मराठी अभिनय-प्रशिक्षणाच्या संदर्भात नाट्यशास्त्राचा पुनर्विचार

१. प्रास्ताविक

अभिनय म्हणजे भावना व्यक्त करणे, असे आपण सहजपणे म्हणतो. परंतु नटाने ती भावना आणावयाची कोठून, असा प्रश्न विचारला की उत्तरे दोन टोकांना जातात. एक मत असे की, भावना आधी नटाच्या मनात जागी झाली पाहिजे. शरीर तिच्या मागोमाग येते. दुसरे मत असे की, श्वास, दृष्टी, कणा आणि हातपाय यांची योग्य घडण झाली की भाव प्रकट होतो. मन त्याच्या मागोमाग येते. पहिल्या मताचा प्रभाव मराठी नाट्यप्रशिक्षणावर दीर्घकाळ राहिला. गेल्या काही दशकांत दुसऱ्या मताला ‘नवरस कार्यशाळा’ या नावाने नवी प्रतिष्ठा मिळाली असून तिच्यामागे नाट्यशास्त्राचा आधार सांगितला जातो.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातील शेकडो तरुण-तरुणी एकांकिका स्पर्धांसाठी आणि राज्य नाट्य स्पर्धेसाठी शाळांच्या सभागृहांत, सोसायट्यांच्या गच्च्यांवर तालमी करतात. त्यांतील बहुतेकांना औपचारिक शिक्षण मिळत नाही. ‘रडू येत नसेल तर घरातले कोणी गेले तो दिवस आठव’ ही सूचना तालमीत सर्रास दिली जाते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने स्वतःची जखम प्रयोगागणिक उकरावी, हाच जर भाव साधण्याचा मार्ग असेल, तर तो कलेच्या आणि माणसाच्याही दृष्टीने तपासून पाहणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, शरीराकडून भावाकडे जाण्याचा मार्ग मराठी नटाला उपयुक्त आहे. मात्र नाट्यशास्त्राने नटाच्या हाती जे दिले आहे ते नऊ रसांचे नऊ चेहरे नव्हेत, तर कारणासहित एका भावातून दुसऱ्या भावात जाण्याची शिस्त होय.

२. मराठीतील रसचर्चा : नटाकडून काव्याकडे

नाट्यशास्त्राचा परिचय मराठी वाचकाला नवा नाही. गोदावरी केतकर यांनी १९२८ साली तो ग्रंथरूपाने करून दिला. र. पं. कंगले यांचा ‘रस-भाव-विचार’ हा ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध झाला आणि सहाव्या व सातव्या अध्यायांचा अभ्यास मराठीतून करण्याची उत्तम सोय झाली. दरम्यान द. के. केळकरांचे ‘काव्यालोचन’ (१९३१), के. ना. वाटवे यांचा ‘रसविमर्श’ (१९४२), ग. त्र्यं. देशपांडे यांचे ‘भारतीय साहित्यशास्त्र’ (१९५८) या ग्रंथांनी रससिद्धान्ताची चर्चा समृद्ध केली.

परंतु या चर्चेचा रोख पाहिला असता एक गोष्ट स्पष्ट होते. रसांची संख्या किती, भक्ती हा रस की भाव, करुणातून आनंद कसा होतो, रसाचे स्थान कोठे, हे तिचे प्रश्न होते. ते प्रश्न मोलाचे आहेत. पण ते वाचकाचे आणि मीमांसकाचे प्रश्न आहेत. मूळ ग्रंथ नाट्याचा आणि चर्चा मात्र काव्याची, अशी स्थिती झाली. विद्यापीठांत रससिद्धान्त मराठीच्या आणि संस्कृतच्या वर्गांत शिकविला गेला. तालमीच्या जागेपर्यंत तो क्वचितच पोहोचला.

याचा परिणाम असा झाला की, सहाव्या-सातव्या अध्यायांच्या लगत असलेला आठवा अध्याय उपेक्षित राहिला. हा अध्याय जवळजवळ सर्वस्वी नटाच्या मस्तकाविषयी आणि मुखाविषयी आहे. मस्तकाच्या तेरा हालचाली, दृष्टीचे छत्तीस प्रकार, म्हणजे आठ रसांच्या, आठ स्थायी भावांच्या आणि वीस संचारी भावांच्या, बुबुळांची नऊ कर्मे, भुवयांची सात, नाक, गाल व ओठ यांची प्रत्येकी सहा, आणि चेहऱ्याच्या वर्णाचे चार प्रकार. ही वर्गवारी शुष्क वाटण्याचा संभव आहे. पण शब्दकोश शुष्क असतो म्हणून भाषा शुष्क ठरत नाही. नटाच्या चेहऱ्यात किती सुटे भाग स्वतंत्रपणे हलू शकतात, याची ही नोंद आहे. भुवई न हलविता केवळ बुबुळ हलविणे, मान स्थिर ठेवून दृष्टी फिरविणे, हे साध्य होण्यासाठी महिनोन्‌महिने सराव करावा लागतो, हे केरळच्या कूडियाट्टम्‌ परंपरेतील नेत्राभिनय पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

मराठीत याच्या उलट दिशेने एक महत्त्वाचे काम झाले. के. नारायण काळे यांनी स्तानिस्लावस्की यांचा ग्रंथ ‘अभिनय साधना’ या नावाने मराठीत आणला. १९३६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथातील भावस्मृतीची कल्पना आपल्या नटांना विशेष भावली. स्वतः स्तानिस्लावस्की आयुष्याच्या उत्तरकाळात, १९३० नंतरच्या दशकात, शारीरिक कृतींच्या पद्धतीकडे वळले होते. भावना थेट हुकमी आणता येत नाही, कृती मात्र आणता येते, असा तो विचार होता. परंतु आपल्या तालमींत रुजली ती भावस्मृतीच, आणि तीही पुष्कळदा तिच्या मूळ संदर्भापासून सुटून.

३. शरीरातून भाव : आधुनिक प्रयोग

शरीर आधी की भावना आधी, हा वाद मानसशास्त्रात विल्यम जेम्स यांनी १८८४ साली उपस्थित केला. आपण दुःखी होतो म्हणून रडतो असे नव्हे, तर रडतो म्हणून दुःखी होतो, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. १९८३ साली पॉल एकमन, रॉबर्ट लेव्हन्सन व वॉलेस फ्रीसन यांनी सोळा व्यक्तींवर एक प्रयोग केला. त्यांत बारा व्यावसायिक नट होते. त्यांना भावनेचे नाव न सांगता चेहऱ्याचे अमुक स्नायू हलवा, एवढीच सूचना दिली असता हृदयाच्या ठोक्यांत आणि बोटांच्या तापमानात फरक आढळले. नाट्यव्यवहाराच्या दृष्टीने हा निष्कर्ष उत्साहवर्धक होता.

तथापि पुढील संशोधनाने या उत्साहाला मर्यादा घातली. प्रत्येक भावनेचा शरीरावर एकच ठरावीक ठसा उमटतो, असे मानण्यास पुरेसा आधार नाही, असे पूर्वीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या २०१८ सालच्या निबंधात दिसून आले. एकोणीस देशांतील ३,८७८ व्यक्तींना घेऊन केलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, हसरा चेहरा जाणीवपूर्वक धारण केल्याने आनंदाची भावना वाढते हे आढळले. पण ती वाढ अल्प होती. म्हणजे शरीर मनाला हाक देते हे खरे. मात्र एवढ्या हाकेवर सबंध भूमिका उभी राहत नाही.

रंगभूमीवर या दिशेने झालेल्या प्रयोगांपैकी दोन येथे विचारात घेऊ. चिलीमधील सुसाना ब्लॉक यांनी १९७० नंतरच्या दशकात सहकाऱ्यांसह श्वास, शरीराची ठेवण आणि चेहरा या तीन घटकांतून सहा मूलभूत भावना जागविण्याची पद्धत विकसित केली. भावनेतून बाहेर पडण्याची एक निश्चित क्रियाही त्यांनी पद्धतीचाच भाग म्हणून शिकविली, हा तिचा विशेष. दुसरा प्रयोग अमेरिकन दिग्दर्शक व अभ्यासक रिचर्ड शेक्नर यांच्या रसचौकटींचा. जमिनीवर तीन गुणिले तीन अशा नऊ चौकटी आखावयाच्या, प्रत्येकीत एका रसाचे नाव लिहावयाचे, आणि नटाने चौकटीत पाऊल टाकताच त्या रसात शिरावयाचे. चौकट बदलली की रस तत्क्षणी बदलला पाहिजे. मध्ये विचाराला अवधी राहता कामा नये. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात शेक्नर यांनी आस्वादाच्या रूपकाचा धागा पुढे नेऊन रसाचा संबंध पोटातील मज्जासंस्थेशी जोडला.

या पद्धतीचे गुण नाकारता येत नाहीत. ती संकोची नटाला मोकळे करते, आत्मचरित्राच्या ओझ्यातून सोडविते आणि भाव ही शरीराने करावयाची क्रिया आहे, हे पहिल्याच दिवशी शिकविते. पुढच्या पायरीवर एका रसावर दुसऱ्याचा थर चढविण्याचा सरावही तीत आहे. आपल्याकडील अनेक नवरस कार्यशाळा या पद्धतीशी जवळचे नाते सांगतात. परंतु ती भरताच्या विचाराशी कितपत जुळते, हा वेगळा प्रश्न आहे.

४. रस नटाचा नव्हे

पहिली अडचण संज्ञेची आहे. भरताने नटाच्या हाती दिले आहेत ते भाव : आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक, मिळून एकोणपन्नास. रस ही त्यांच्या संयोगातून होणारी निष्पत्ती आहे. अनेक पदार्थ व मसाले एकत्र येऊन जसा पक्वान्नाचा स्वाद सिद्ध होतो, तसा तो सिद्ध होतो. स्वयंपाक्याने मीठ-मिरची मोजून घालावी. स्वाद घालता येत नाही. नटाला ‘करुण रस कर’ असे सांगणे म्हणजे स्वयंपाक्याला ‘स्वाद घाल’ असे सांगणे होय. शिवाय नाट्यशास्त्राच्या परंपरेने भरताचे म्हणून मानले ते आठ रस. शान्ताचा आग्रहपूर्वक पुरस्कार अभिनवगुप्ताने केला. तेव्हा नऊ चौकटींची आखणी ही मुळातच एका विशिष्ट भाष्यपरंपरेची निवड आहे.

रस नटाच्या ठायी असतो की नाही, याबद्दल प्राचीनांत एकमत नव्हते. लोल्लटाने तो मुख्यतः मूळ पात्राच्या, आणि अनुसंधानाच्या बळावर नटाच्याही ठायी मानला. शंकुकाने तो नटाच्या ठायी अनुमित होतो असे म्हटले. चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो, तशी ती प्रतीती. अभिनवगुप्ताने मात्र आस्वादाचा अधिकार सहृदय प्रेक्षकाकडे दिला. नटाला ‘पात्र’ म्हणतात ते याच अर्थाने, कारण मद्याची चव प्याल्याला लागत नाही, असा त्याचा आशय आहे. मराठीत नाटकातल्या व्यक्तीला आपण आजही पात्र म्हणतो आणि भांड्यालाही पात्रच म्हणतो. या जोडअर्थामागे एवढा विचार दडलेला आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

प्याल्याचे रूपक निघाले की मराठी रसिकाला ‘एकच प्याला’ आठवणे अपरिहार्य आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील सुधाकर हा भावपरिवर्तनाचा उत्तम पाठ ठरावा. ठाण्याच्या मुख्य नाट्यगृहाला १९७८ पासून ज्यांचे नाव आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांची ही निर्मिती. सुधाकराची वकिलीची सनद रद्द होते आणि अपमानाच्या त्या क्षणी तळीरामाच्या हातून पहिला प्याला त्याच्यापर्यंत येतो. भरताच्या परिभाषेत सांगावयाचे तर सनद जाणे हा विभाव. त्यातून अमर्ष, म्हणजे अपमान सहन न होणे, त्यामागून विषाद, मग मद, मद उतरल्यावर व्रीडा आणि ग्लानी. मद हा भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांपैकी एक असून त्याच्या तीन अवस्था त्याने सांगितल्या आहेत. उत्तम, मध्यम व अधम प्रकृतीचा मनुष्य प्यायल्यावर वेगवेगळा वागतो : एक झोपी जातो, एक हसतो-गातो, एक रडतो व कठोर बोलतो. एवढेच नव्हे, तर भय, शोक वा हर्ष यांचे कारण अचानक उद्भवले असता मद कसा उतरतो, हेही त्याने नोंदविले आहे.

सुधाकर करणारा नट जर ‘दारुड्या’ हे एकच चित्र घेऊन उभा राहिला, तर पाच अंकांत त्याच्याकडे झोकांड्यांखेरीज काही उरत नाही. प्रकृतीने उत्तम असा हा मनुष्य मदाच्या एकेका अवस्थेतून खाली कसा उतरत जातो, हे ज्याने शरीरात बांधून घेतले, त्याला करुण रसाची चिंता करावी लागत नाही. तो प्रेक्षागृहात सिद्ध होतो. आणि प्याल्याने स्वतः झिंगावे लागत नाही.

५. सात्त्विक भाव : यांत्रिकतेला उत्तर

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. सगळेच शरीरावर सोपविले तर अभिनय म्हणजे कवायत होणार नाही काय? भरताने हा आक्षेप आधीच हेरला होता. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय या आठ अवस्थांना त्याने ‘सात्त्विक’ हे वेगळे नाव दिले. सत्त्व हे मनापासून उत्पन्न होते आणि मनाच्या एकाग्रतेतून ते सिद्ध होते. अन्यत्र मन असलेल्या नटाला अश्रू वा रोमांच साधत नाहीत, असा त्याचा अभिप्राय आहे.

लक्षात घ्यावयाचे ते हे की, येथे मागणी एकाग्रतेची आहे, आत्मचरित्राची नाही. नटाने स्वतःचे दुःख आठवावे, असे भरत म्हणत नाही. पात्राच्या सुखदुःखावर मन पूर्णपणे स्थिर करावे, असे म्हणतो. भावस्मृती आणि सत्त्व यांत हा मूलभूत भेद आहे. पहिलीत नट नाटकातून निघून स्वतःच्या घरी जातो. दुसऱ्यात तो नाटकातच अधिक खोल उतरतो.

६. एक पाठ : खोपटचे एसटी स्थानक

हे तत्त्व वर्गात कसे उतरवावे, याचे एक उदाहरण येथे मांडतो. त्यासाठी पौराणिक प्रसंगाची गरज नाही. ठाण्यातील खोपटचे एसटी स्थानक घेऊ. रात्रीची वेळ, फलाट रिकामा होत चाललेला, गावाहून मुलाला घेऊन येणारी शेवटची गाडी अद्याप आलेली नाही आणि एक स्त्री वाट पाहते आहे. मुलाचे काही बरेवाईट झाले असेल, हे भय येथे स्थायी मानू. हे भय नटीने एकदाही उघडे दाखवावयाचे नाही. व्यभिचारी भावांनीच ते वाहून न्यावयाचे.

प्रथम औत्सुक्य : दीर्घ श्वास आणि गाड्या आत वळतात त्या बाजूला खिळलेली दृष्टी. गाडी येते, पण दुसऱ्याच गावची. मग वितर्क : भुवयांची हालचाल, मस्तकाचा किंचित नकार. चौकशीची खिडकी बंद होते. मग शंका : वारंवार आजूबाजूला पाहणे, कोरडे पडणारे ओठ, बदललेला आवाज. एवढ्यात ओळखीचे शेजारी भेटतात आणि ‘काय वहिनी, एवढ्या रात्री?’ असे विचारतात. येथे भरताने दिलेला एक विलक्षण व्यभिचारी भाव उपयोगी पडतो. तो म्हणजे अवहित्था, अर्थात मनातले बाहेर दिसू न देणे. त्याचे अनुभाव पाहण्यासारखे आहेत : भलतेच काही बोलणे, मध्येच बोलणे तोडणे, उसने धैर्य आणणे. वास्तववादी नाटकाचा निम्मा अभिनय या एका भावात सामावलेला आहे. शेजारी जातात आणि राहते ती चिंता : खाली वळलेले मुख, निःश्वास.

या पाठात प्रत्येक बदलाला बाहेरचे कारण आहे. नटी चौकट बदलते म्हणून भाव बदलत नाही. खिडकी बंद होते म्हणून बदलतो. रसचौकटींच्या सरावात नेमका हा विभाव गळून पडतो आणि संक्रमणाला अवधी उरत नाही. परिणामी स्पर्धेच्या नाटकांत आपण पुष्कळदा पाहतो ते घडते : भाव तीव्र असतो, पण तो आला कोठून आणि गेला कोठे, हे कळत नाही.

पाठाच्या शेवटी नटीला त्या स्थितीतून बाहेर आणणे, ही शिक्षकाची जबाबदारी होय. सम श्वास, सैल खांदे, दृष्टी समोर, दोन मिनिटे स्वस्थ उभे राहणे. ब्लॉक यांच्या पद्धतीतून एवढे निश्चितच घेण्यासारखे आहे. नाट्यशास्त्राचा आधार असल्याने या सोयीची गरज नाही, असे मानणे हा अंधविश्वास ठरेल.

७. आपल्या अंगणातील परंपरा

शरीराभिनयाची साधना पाहण्यासाठी मराठी नटाने केरळकडे जरूर जावे. इरिंजालकुडा येथे जी. वेणू यांनी कूडियाट्टम्‌च्या आधारे विकसित केलेल्या नवरस साधनेने अनेक आधुनिक नटांना दृष्टी दिली आहे. पण बैठकीच्या लावणीकडेही त्याने पाहावे. बसलेली गायिका एकच ओळ पुनःपुन्हा गाते आणि प्रत्येक वेळी दृष्टी, मान व हात यांनी तिचा निराळा भाव उलगडते. रुसवा, आर्जव, थट्टा, संशय असे एका ओळीचे अनेक संचार ती बसल्या जागी दाखविते. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांना या कलेसाठी १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री मिळाली. मात्र बैठकीच्या अदाकारीला अभिनयाच्या अभ्यासक्रमात ‘लोककला’ या स्वतंत्र प्रकरणाच्या पलीकडे स्थान मिळणे आवश्यक आहे. संचारी भावांचा पाठ म्हणून ती शिकविली गेली पाहिजे. पुणे विद्यापीठात १९८७ साली स्थापन झालेल्या ललित कला केंद्रासारख्या ठिकाणी नृत्य, संगीत आणि नाटक एका छताखाली नांदतात. असा विनिमय तेथे सर्वांत सुलभ आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, भावस्मृतीवर विसंबलेली तालीम तरुण नटाकडून अवाजवी किंमत वसूल करते आणि तिची हमीही नसते. शरीर व श्वास यांचा मार्ग अधिक सुरक्षित आणि पुन्हापुन्हा वापरता येण्याजोगा आहे. दोन, या मार्गाला ‘नवरस’ हे नाव देऊन नऊ चेहऱ्यांचा संच शिकविणे हे भरताच्या विचाराचे सुलभीकरण आहे. प्रशिक्षणाचा गाभा विभाव, अनुभाव व व्यभिचारी भाव यांच्या क्रमात शोधला पाहिजे. तीन, सात्त्विक भावांचा विचार हा देहाच्या कवायतीला आणि आत्मचरित्राच्या उपशालाही उत्तर देणारा आहे.

रससिद्धान्ताने मराठी समीक्षेला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ विषय पुरविला. तो सिद्धान्त ज्याच्यासाठी प्रथम सांगितला गेला, त्या नटापर्यंत तो नेणे हे आता नाट्यशिक्षकांचे काम आहे. त्यासाठी आठव्या अध्यायाचे, नटाला वापरता येईल अशा भाषेतील आणि सरावांसह केलेले मराठी विवरण, हे पहिले पाऊल ठरू शकेल.